डिजिटल अँगल गेज ९०.० दाखवतोय, तरी सांधा उघडा: एकेक करून काय तपासायचं

पेटीचे तीन कोपरे घट्ट बसले आणि चौथ्यात फट राहिली. गेज, म्हणजे करवतीच्या यंत्राच्या (सॉच्या) ब्लेडला चुंबकाने चिकटवून त्याचा कल मोजायची छोटी डबी, मात्र प्रत्येक कापाच्या आधी ४५.० दाखवत होता. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे, की आता गेज हातात घेण्याआधीच मी विचारतो, "झीरो कुठे केला होता?" झीरो करणं म्हणजे गेज एखाद्या पृष्ठभागावर ठेवून तो पृष्ठभाग शून्य धरायला सांगणं. बऱ्याच वेळा तिथेच उत्तर सापडतं. नाही सापडलं, तर पुढची तपासणी ठरलेल्या क्रमाने करायची. तो क्रम इथे देतोय. सुरुवातीच्या पायऱ्यांना काहीच साहित्य लागत नाही. त्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर, म्हणजे कॅलिब्रेशनवर (गेजची आतली मोजणी नव्याने जुळवण्यावर) उडी मारलेले लोक मी पाहिले आहेत. चांगला गेज त्यांनी तिथेच बिघडवला.

लक्षणं

तुमचं लक्षण यात आहे का ते आधी पाहा.

- गेज ९०.० दाखवतो, पण गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की ब्लेड आणि गुण्याच्या मधून उजेड दिसतो.
- सकाळी लावलेला कोन दुपारी बदललेला दिसतो, आणि कोणी काहीच हलवलेलं नसतं.
- गेज उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला की आकडा दोन-तीन दशांशांनी वेगळा येतो.
- आकडा स्थिर राहत नाही, ०.१ आणि ०.३ च्या मध्ये नाचत राहतो.
- ० बरोबर येतो, ९० सुद्धा बरोबर येतो, पण ४५ ला कापलेले तुकडे जुळत नाहीत.
- मायटर (तिरक्या कापासाठी आडवा फिरणारा सॉचा भाग) फिरवला तरी आकडा जागचा हलत नाही.

शेवटचं लक्षण बिघाडाचं नाही, म्हणून ते आधीच बाजूला काढतो. गेजच्या आत एक छोटा त्वरणमापक असतो. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेने ओढतंय एवढंच त्याला कळतं. ओळंब्याचंच काम तो चिपच्या आत करतो. त्यामुळे एखादी गोष्ट आडव्या पातळीत गोल फिरली, जसा मायटर सॉचा खालचा तबकडीवजा भाग फिरतो, तर खाली ओढणारी दिशा गेजच्या दृष्टीने बदलतच नाही आणि आकडाही हलत नाही. मायटरचा कोन मोजायचा असेल तर दोन पायांचा कोनमापक घ्या. ब्लेडचा कल, जॉइंटरच्या (फळी सपाट करायच्या यंत्राच्या) फेन्सचा, म्हणजे फळी टेकवायच्या आधाराचा कल, ड्रिल प्रेसच्या टेबलाचा कल ही या गेजची कामं.

ओळंब्याची ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गेजला तुमचं टेबल कुठे आहे ते माहीत नसतं, त्याला फक्त खालची दिशा कोणती ते कळतं. टेबलाशी त्याचा संबंध झीरोचं बटण दाबल्यावर तुम्हीच जोडता. तो जिथे चुकीचा जोडला जातो तिथेच निम्म्याहून जास्त तक्रारी सुरू होतात.

पहिली नजर: बटणं आणि मोड

डिस्प्लेवर कोपऱ्यात काय लिहून येतंय ते बघा. एबीएस दिसत असेल तर आकडा खऱ्या आडव्या पातळीपासूनचा आहे, टेबलापासूनचा नाही. टेबल अर्ध्या अंशाने कललेलं असेल तर ब्लेड टेबलाशी अगदी काटकोनात असूनही गेज ८९.५ किंवा ९०.५ दाखवणार. होल्ड दाबलेला राहिला असेल तर आकडा गोठलेलाच राहतो. बरेच गेज काही मिनिटांनी आपोआप बंद होतात. पुन्हा चालू झाल्यावर काहींना आधीचा झीरो आठवतो, काहींना नाही. तुमचा कोणत्या जातीचा आहे ते एकदा मुद्दाम बंद करून, चालू करून पाहा आणि लक्षात ठेवा.

९० च्या आसपास आणखी एक फसगत होते. काही गेज ९० ओलांडलं की आकडा उलटा मोजायला लागतात. ब्लेड ९०.४ ला असतं आणि डिस्प्लेवर ८९.६ येतं. आकड्याशेजारचा छोटा बाण कोणती बाजू उंच आहे ते सांगतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग ब्लेड उलट दिशेने सरकवलं जातं आणि चूक दुप्पट होते.

तळ आणि चुंबक

गेज उलटा करा आणि तळ उजेडात तिरका धरून बघा. चुंबकाच्या कडेला काळी, केसाळ दिसणारी बारीक लव असेल तर ती लोखंडाची कीस आहे. ड्रिलजवळ किंवा ग्राइंडरजवळ ठेवलेल्या गेजला ती हमखास चिकटते. फडक्याने पुसून ती जात नाही, फक्त एका चुंबकावरून दुसऱ्यावर सरकते. चिकटपट्टीचा तुकडा घ्या, चिकट बाजू चुंबकावर दाबा आणि झटक्यात ओढा. दोन-तीन वेळा केलं की तळ स्वच्छ होतो.

एवढ्याशा किशीने काय होतं असं वाटेल, तर हिशोब करून बघा. गेजचा तळ साधारण ५५ मिलिमीटर लांब असतो. एका टोकाखाली ०.१ मिलिमीटरचा कण आला, म्हणजे कागदाच्या एका पानाइतका, तर गेज जवळजवळ ०.१ अंशाने कलतो. पेटीच्या चार कोपऱ्यांत आठ काप असतात. सगळे काप एकाच बाजूला ०.१ अंशाने चुकले तर शेवटच्या कोपऱ्यात ०.८ अंश साचतात. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत ४५ चा काप साधारण २५ मिलिमीटर लांब असतो, म्हणजे टोकाला ०.३५ मिलिमीटरची फट. गोंदाने ती झाकता येत नाही, आणि पॉलिश लावल्यावर उलट उठून दिसते.

मी एकदा एका मित्राचा गेज टाकून देण्यापासून वाचवला होता. तो त्याला महिनाभर शिव्या घालत होता. तळाच्या एका कोपऱ्यात वाळलेल्या गोंदाचा टिपका होता, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. नखाने खरवडला आणि गेज पूर्ववत झाला.

जिथे गेज ठेवायचा तो पृष्ठभागही असाच बघा. ब्लेडवर राळ साचलेली असते, टेबलाच्या कडेला ओरखड्याने उठलेली धार असते, भुसा तर सगळीकडेच असतो. बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी गोष्ट बोटाला कळते.

बॅटरी

बॅटरी उतरली की डिस्प्ले फिका होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आकडे त्याआधीच डळमळायला लागू शकतात, ते लक्षात येत नाही. आकडा नाचत असेल तर बाकी काही करण्याआधी नवी बॅटरी घाला. जुनी काढल्यावर आतल्या पत्र्यांवर हिरवट किंवा पांढरा थर आहे का बघा. असेल तर कोरड्या, खरखरीत कापडाने हलकेच पुसा. बॅटरी गळून आतल्या पट्टीपर्यंत गेली असेल तर तो गेज मापाला वापरू नका. तो आज चालला तरी उद्याचा भरवसा नाही. बॅटरी बदलल्यावर झीरो पुन्हा करायचा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण विसरलं जातं ते नेमकं हेच.

आकडा नाचण्याचं दुसरं कारण म्हणजे कंपन. भुसा ओढणारं यंत्र त्याच टेबलाला जोडलेलं आणि चालू असेल, शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असेल, तर त्वरणमापक ते हादरेही मोजतो. सगळं बंद करून वाचा. ब्लेडला गेज लावण्याआधी मशीनचा प्लग तर काढलेला हवाच. इथे गय नाही. चुंबकाने ब्लेडला चिकटलेला गेज आणि चुकून दाबला गेलेला स्विच, याचा परिणाम कोणावरही येऊ नये.

तापमान

थंड गाडीतून आणलेला किंवा उन्हात पडलेला गेज लगेच वापरला की त्याचा शून्य हळूहळू सरकत राहतो, कारण आतल्या सेन्सरची आणि त्याच्या बैठकीची मापं उष्णतेने बदलतात. टेबलावर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग झीरो करा. घाईत केलेला झीरो तासाभरात खोटा ठरतो. हातात घट्ट धरून ठेवलेला गेजही गरम होतो, म्हणून मोजताना तो ठेवा आणि हात काढा.

झीरो कुठे केला

आता मूळ प्रश्नावर येऊ. इथे घाई करू नका.

झीरो टेबलाच्या मुख्य पत्र्यावर करायचा, ब्लेडभोवतीच्या सुट्या पट्टीवर नाही. ती पट्टी चार स्क्रूंवर बसलेली असते आणि एका बाजूने हमखास दबलेली असते. तिच्यावर झीरो करणं म्हणजे तिची चूक ब्लेडच्या माथी मारणं.

गेज ब्लेडला आडवा ठेवायचा, म्हणजे ज्या दिशेने ब्लेड कलतं त्याच दिशेत त्याची लांबी हवी. ब्लेडला समांतर ठेवून झीरो केला तर टेबलाचा भलताच उतार मोजला जातो.

डिस्प्ले ज्या बाजूला तोंड करून होता त्याच बाजूला तोंड ठेवून तो उचला आणि ब्लेडला लावा. मध्येच अर्धा वळसा घेऊन उलट तोंडाने लावला तर टेबलाचा उतार वजा होण्याऐवजी दुप्पट होऊन आकड्यात मिसळतो. हे फार सहज घडतं. डिस्प्ले दिसत नाही म्हणून माणूस मशीनच्या पलीकडे जातो आणि गेज स्वतःकडे वळवून घेतो. वाचता येत नसेल तर वाकून वाचा, होल्ड दाबून वाचा, फोनने फोटो काढा. गेज वळवू नका.

झीरो केल्यानंतर मशीन हलवायचं नाही. "सकाळी बरोबर, दुपारी चूक" याचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलं. चाकांवरचं टेबल सॉ असतं. लांब फळी कापायला ते हातभर पुढे ओढलं जातं. जमीन कुठेच अगदी सपाट नसते, मशीन नव्या जागी थोडं वेगळं कलतं, आणि गेजच्या लेखी सकाळचा झीरो त्या जुन्या जागेपुरताच खरा असतो. ब्लेड आणि टेबलातला कोन तसूभरही बदललेला नसतो. पण माणूस गेजवर विश्वास ठेवून ब्लेड "दुरुस्त" करतो आणि चांगली लागलेली सेटिंग मोडतो. मशीन हललं की झीरो पुन्हा करायचा.

या सगळ्यावर एकच सवय पुरते. ब्लेडवर माप घेतलं की गेज परत टेबलावर त्याच जागी, त्याच तोंडाने ठेवा. ०.० आला तर मधलं माप खरं धरा. ०.१ चा फरक चालेल, ०.२ आला तर ते माप फेका आणि पुन्हा सुरुवात करा. पाच सेकंदांचं काम आहे. मी ते प्रत्येक वेळी करतो, वीस वर्षांचा हात असलेल्यांनीही करावं.

ब्लेडला कसा लावला

ब्लेड पूर्ण वर घ्या, म्हणजे चुंबकाला बसायला जागा मिळते. गेज पत्र्याला पूर्ण टेकला पाहिजे, दात्यांना नाही. कार्बाइडचे दाते पत्र्यापेक्षा जाड असतात, आणि गेजचं एक टोक दात्यावर चढलं की कोन लगेच अर्धा-एक अंश बदलतो. उठावाने छापलेली अक्षरं आणि कंपन कमी करायला कापलेल्या फटींच्या कडाही टाळा.

गेज ब्लेडवर सरळ उभा लावा, तिरपा नको. ब्लेड ४५ ला कललेलं असताना गेज त्या पत्र्यावर दहा अंशांनी फिरलेला लागला, तर आकडा जवळजवळ अर्ध्या अंशाने कमी येतो. ब्लेड ९० ला असताना हीच चूक जवळपास दिसत नाही. म्हणून "९० बरोबर, ४५ चूक" अशी तक्रार आली की मी आधी त्या माणसाला गेज लावताना बघतो. डोळ्याने सरळ ठेवणं जमत नसेल तर गेजच्या खालच्या कडेपासून टेबलापर्यंतचं अंतर पट्टीने दोन्ही टोकांना मोजा.

उचला-ठेवा

आता गेजची स्वतःची परीक्षा. टेबलावर पेन्सिलने गेजची चौकट आखा. गेज त्या चौकटीत ठेवा, आकडा लिहा, उचला, पुन्हा ठेवा. असं दहा वेळा. दहाही आकडे ०.१ च्या आत असले पाहिजेत. ते विखुरलेले असतील आणि तळ स्वच्छ, बॅटरी नवी, मशीन बंद असेल, तर दोष गेजच्या आत आहे. पुढची कोणतीही तपासणी अर्थाची नाही, कारण एकाच जागेला वेगवेगळी उत्तरं देणाऱ्या साधनाची चूक वजा करता येत नाही. पडलेल्या गेजमध्ये हे हमखास दिसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डिस्प्लेवर ०.०५ चे टप्पे दिसतात म्हणजे माप तेवढं खरं असतं असं नाही. साधारण वापरातल्या गेजची खात्री ±०.१ किंवा ±०.२ अंशांची असते, ती माहितीपत्रकात छापलेली असते. शेवटच्या आकड्यामागे धावत अर्धा तास ब्लेड पुढे-मागे करण्यात काहीच हाती लागत नाही.

अर्धा वळसा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण हिला दुसरं कोणतंही अचूक साधन लागत नाही. पृष्ठभाग सपाट पाहिजे, पण पातळीत असण्याची गरज नाही. काचेचा जाड तुकडा चालतो.

एबीएस मोड लावा. गेज आखलेल्या चौकटीत ठेवा. आकडा आणि बाण दोन्ही लिहा. आता गेज त्याच चौकटीत उलट तोंडाने ठेवा, डावं टोक उजवीकडे. पुन्हा लिहा. गेज निर्दोष असेल तर आकडा तोच येईल आणि बाण उलटेल: आधी त्याची उजवी बाजू उंच होती, आता डावी.

समजा आधी उजवी बाजू ०.४ ने उंच आली आणि वळवल्यावर डावी ०.२ ने. उजवीला अधिक, डावीला उणे धरा. ०.४ आणि –०.२ यांची बेरीज ०.२, तिचा निम्मा ०.१. एवढी गेजची चूक. दोन आकड्यांतला फरक ०.६, त्याचा निम्मा ०.३. एवढा पृष्ठभागाचा खरा उतार. एकाच परीक्षेत दोघांचे दोष वेगळे होतात.

टेबलावर झीरो करून मोजलं तर ही चूक आपोआप वजा होते, मग त्रास कशाला, असं कोणी विचारेल. काही अंशी ते खरं आहे. पण सेन्सरला दोन अक्ष असतात. आडव्या स्थितीतली चूक एका अक्षामुळे येते आणि उभ्या स्थितीतली दुसऱ्यामुळे. शून्याला केलेला झीरो पहिल्या अक्षाची भरपाई करतो, दुसऱ्याची नाही. म्हणून ९० ची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

९० ची परीक्षा

ब्लेड सरळ उभं करा, प्लग काढलेला आहे ना ते पुन्हा बघा. गेज ब्लेडच्या उजव्या अंगाला लावून वाचा. मग डाव्या अंगाला लावा. डिस्प्लेचं तोंड मात्र दोन्ही वेळा तुमच्याकडेच. पत्र्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात, म्हणून ब्लेड थोडं कललेलं असेल तर एका बाजूला आकडा जेवढा वाढेल तेवढाच दुसऱ्या बाजूला कमी होईल. सरासरी ९०.० आली पाहिजे.

उजवीकडे ८९.८ आणि डावीकडे ९०.४ आला तर सरासरी ९०.१. गेजची चूक ०.१, ब्लेडचा कल ०.३. ९० नंतर उलटे मोजणारे गेज असतील तर बाण पाहूनच बेरीज करा, नाहीतर हिशोब फसेल.

४५ ची परीक्षा

इथे काटकोनाचा एक विश्वासाचा धातूचा ठोकळा लागतो. तो पाचरीवर किंवा व्ही खाचेत असा ठेवा की त्याची धार वर येईल आणि दोन्ही अंगं साधारण ४५ ने उतरतील. नेमकं ४५ जुळवायची गरज नाही. ठोकळा हलणार नाही एवढं बघा. एबीएस मोडमध्ये गेज एका उतारावर ठेवून वाचा, मग दुसऱ्या उतारावर. दोन आकड्यांची बेरीज ९०.० यायला हवी, कारण ठोकळ्याचा काटकोन तेवढाच आहे. ९०.४ आली तर ४५ जवळ गेजची चूक ०.२ आहे.

गुण्यावर किंवा ठोकळ्यावर भरवसा नसेल तर आधी त्याची परीक्षा. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी त्याची चूक. ठोकळा मग या खऱ्या गुण्याने उजेडासमोर तपासा.

ज्यांच्याकडे साइन बार (दोन टोकांना रोलर असलेली, अचूक कोन लावायची पट्टी) आहे त्यांनी तोच वापरावा. रोलरमधलं अंतर १०० मिलिमीटर असेल तर एका रोलरखाली ५०.०० मिलिमीटरचे गेज ब्लॉक (नेमक्या जाडीचे धातूचे ठोकळे) ठेवले की ३० अंश मिळतात, ७०.७१ ठेवले की ४५.

लाकडाला विचारा

गेज सगळ्या परीक्षांत उतरला आणि तरी सांधा उघडा राहतो, तर आता गेजला सोडा. जाड फळी घ्या, ब्लेड कापू शकेल तेवढी उंच, साधारण ७० मिलिमीटर. १८ मिलिमीटरच्या फळीत ही चूक डोळ्याला दिसत नाही. फळी कापा. एक तुकडा जागेवर ठेवा, दुसरा वरचा भाग खाली करून उलटा, आणि कापलेली तोंडं सपाट टेबलावर एकमेकांना भिडवा. ब्लेड ०.१ अंशाने चुकलं असेल तर ७० मिलिमीटरवर ०.१२ ची फट पडायला हवी, पण उलटल्यामुळे ती दुप्पट, ०.२४ दिसते. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा, नाहीतर साध्या छपाईच्या कागदाची दोन पानं घालून बघा. ती दोन पानं सहज सरकली तर ब्लेड अजून लावायचंय.

गेज ९० म्हणतो आणि फळी नाही म्हणते, तर मी फळीचं ऐकतो. गेज उभ्या, थांबलेल्या ब्लेडचा कोन सांगतो. कापताना ब्लेड वाकतं का, फळी फेन्सपासून सुटते का, कलाचं लॉक कापताना सरकतं का, हे त्याला दिसत नाही. बोथट ब्लेड जाड फळीत सहज वाकतं. ब्लेड बदलून तोच काप पुन्हा घ्या. लॉक घट्ट करण्याआधी आणि नंतर गेज वाचा. काही मशीनवर लॉक आवळतानाच ब्लेड ०.१-०.२ ने हलतं. तसं असेल तर कोन लॉक आवळल्यानंतरच्या आकड्यावर जुळवा.

गेजचं कॅलिब्रेशन, आणि तेही शेवटी

अर्ध्या वळशात किंवा ९० च्या परीक्षेत ठरलेली, प्रत्येक वेळी तेवढीच येणारी चूक सापडली असेल, तरच गेज कॅलिब्रेट करा. बऱ्याच गेजमध्ये बटण दाबून धरलं की तो एकामागून एक स्थिती मागतो. नेमका क्रम प्रत्येक बनावटीत वेगळा असतो, म्हणून माहितीपत्रक समोर ठेवूनच करा. सगळ्या स्थिती त्याच सपाट, न हलणाऱ्या पृष्ठभागावर घ्या, नवी बॅटरी घालून, गेज खोलीच्या तापमानाला आल्यावर. लाकडी बाकावर, हाताने धरून केलेलं कॅलिब्रेशन गेजच्या डोक्यात चुकीचा शून्य कायमचा बसवतं. झाल्यावर उचला-ठेवा, अर्धा वळसा आणि ९० ची परीक्षा पुन्हा घ्या.

कुठे थांबायचं

दोनदा नीट कॅलिब्रेट करूनही ०.२ च्या वर चूक राहत असेल, तर तिसऱ्यांदा करू नका. गेज उघडायचाही नाही. आतला सेन्सर ज्या पट्टीवर डकवलेला असतो ती तळाशी कशी बसली आहे यावरच सगळी अचूकता उभी असते. स्क्रू सैल केला की ती गेली. उचला-ठेवा परीक्षेत नापास झालेला गेज दुरुस्तीच्या फंदात न पडता बदला.

मोजमापाचा दाखला द्यावा लागणारं काम असेल, म्हणजे यंत्रभागांची तपासणी किंवा कोणाच्या सुरक्षिततेशी जोडलेला कल, तर घरची परीक्षा कितीही चांगली उतरली तरी पुरत नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत गेज पाठवा. तिथून कोणत्या कोनाला किती चूक आणि त्या मापाची अनिश्चितता किती, हे लिहून मिळतं.

आणि मशीनकडे बोट जात असेल तर एक शेवटची गोष्ट बघा. प्लग काढा, जाड हातमोजा घाला, ब्लेड वरच्या टोकाला धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे ढकला. आर्बरमध्ये (ब्लेड ज्या दांड्यावर बसतं त्यात) खटका जाणवला, किंवा गेज लावलेला असताना आकडा ०.३-०.४ ने हलून परत आला नाही, तर बेअरिंग किंवा कलाची यंत्रणा झिजली आहे. ते मशीन त्या दिवशी पुन्हा चालू करू नका. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवा, आणि आधी त्याला तुम्ही लिहून ठेवलेले आकडे दाखवा: दोन्ही अंगांचे, लॉकच्या आधीचे आणि नंतरचे.